रेवतामावशीचं देवधान

रेवतामावशीने आमच्या दाराची कडी कधी वाजवली नाही. ती फाटक ढकलून आत यायची, ओसरीच्या पायरीवर टोपली टेकवायची, पदराने गळा पुसायची आणि आपण आल्याचं आतल्या माणसांना आपोआप कळलं पाहिजे अशा थाटात बसून राहायची. कळायचंच. तिच्याबरोबर तळ्याचा वास यायचा: ओल्या गाळाचा, थोडा मासळीचा, थोडा उन्हात वाळलेल्या गवताचा. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "रेवताबाई आल्या वाटतं."

बाहेरून उत्तर यायचं, "आल्या नाई जी. येऊन थकल्या."

ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी तिच्या टोपलीत देवधान असायचं. आमच्या भंडाऱ्याकडे या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य चालत नाही. मग उरतं ते आपोआप उगवलेलं, आणि त्यात मानाचं म्हणजे देवधान. खरं तर ते तळ्याच्या उथळ कडेला उगवणारं एक रानगवत. भाताच्याच कुळातलं, पण लोंबीला बोटाएवढं लांब कुसळ असलेलं. त्याचा तांदूळ लालसर असतो, शिजायला हट्टी आणि चवीला किंचित मातकट. आई त्याचा भात आणि कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांची भाजी करायची. लहानपणी मला तो भात दातात टोचायचा आणि मी तो कसाबसा गिळायची. आता नागपुरात ऋषिपंचमीला मी दुकानात वरी विकत घेते, तेव्हा तेच टोचणं आठवतं.

आई गावच्या शाळेत शिक्षिका होती आणि रेवतामावशी त्याच शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. त्यामुळे आमच्यासाठी राखलेलं देवधान ती आधीच बाजूला ठेवून आणायची. पण आणलं म्हणून सुखासुखी द्यायची नाही. आईने एकदा चुकून विचारलं होतं, "निवडलेलं आहे ना?" रेवतामावशीने टोपलीवर फडकं परत पांघरलं.

"मॅडम, देवधान कोनी निवडते का? हा काय किराना हाये?"

"अहो, खडे नसतील ना, एवढंच विचारलं."

"पान्यावर उभा राह्यते तो. त्याच्यात खडा कुठून येईल, तळ्याले दात हायेत का?"

मग आईला नमतं घ्यावं लागलं, चहा ठेवावा लागला, आणि चहाबरोबर गावातल्या सगळ्यांची खबरबात ऐकावी लागली. मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकायची. मी भंडाऱ्याला इंग्रजी शाळेत जायची, सकाळच्या अंधारात व्हॅनमध्ये बसायची आणि संध्याकाळी परत यायची. त्यामुळे गावात माझी कुणाशी फारशी बोलचाल नव्हती, आणि खरं सांगायचं तर स्वभावही नव्हता. रेवतामावशीला माझं गप्प राहणं फार खुपायचं.

"मॅडम, तुमची पोरगी फक्त इंग्लिशमंदीच बोलते का? आमच्यासाठी काई उरवत नाई वाटते."

मी लाजून आत जायची. तरी तिला माझ्याबद्दल राग नव्हता. उलट तिच्या बोलण्याला न कंटाळणारं गावातलं एकमेव माणूस मीच होते, हे तिला ठाऊक असावं.

ती उंच होती, आणि आपण उंच आहोत याचा तिला अभिमान होता. पाण्यात किती खोल जाता येतं यावर माणसाची किंमत ठरते, असं तिचं मत होतं. ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या, घरात जन्मलेली, ढिवराच्याच घरात दिलेली. नवरा लवकर गेला. मुलगी वरठीला दिली होती, जावई तिथल्या कारखान्यात होता. रेवतामावशी तिच्याकडे राहायला गेली की तिसऱ्या दिवशी परत यायची. "नळाचा पानी पाहू पाहू जीव घाबरते," म्हणायची. तिला गाणं येत नव्हतं, तरी ती लग्नात सगळ्यांच्या वर आवाज काढायची. दुसऱ्याच्या स्वयंपाकाला तिने कधी चांगलं म्हटलं नाही. आणि आपली चूक कबूल करणं हा प्रकार तिच्याकडे नव्हताच. खिचडी खारट झाली तर तांदूळ खारट आला असं ती शांतपणे सांगायची.

मी सातवी-आठवीत असताना एकदा दिवाळीच्या सुट्टीत ती मला तळ्यावर घेऊन गेली. आईची परवानगी तिने घेतली नाही, फक्त कळवलं. देवधान पिकायच्या आधी बांधावं लागतं, हे मी तेव्हा पाहिलं. या गवताची खोड अशी, की दाणा पिकला रे पिकला की लोंबीवर थांबतच नाही. वाऱ्याच्या झुळकीने, पाखराच्या पंखाने, हाताच्या धक्क्याने झडतो आणि पाण्यात जातो. कापायला विळा लावला तर विळ्याच्या आधी दाणे पळतात. म्हणून दाणा दुधात असतानाच बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, गवताची मूठ मूठ ताटं एकत्र करतात आणि त्यांच्याच पातीने वर गाठ मारतात. अशा जुड्या तळ्याच्या कडेला उभ्या राहतात, जणू पाण्यात बायका डोक्याला पदर बांधून उभ्या आहेत. दाणा जुडीतच पिकतो आणि जुडीतच अडकतो. मग टोपली खाली धरून काठीने झोडपायचं. प्रत्येक घराची गाठ वेगळी. दुसऱ्याच्या गाठीला कुणी हात लावत नाही.

"ही आपली," रेवतामावशी गाठ दाखवत म्हणाली. "दोन येढे अन् शेंडा खाली. तुह्या शायेत शिकवते का हे?"

मी मान हलवली.

"कायले शिकवतीन. सगळे जन बांधाले आले तं आमी काय करू?"

मी गुडघाभर पाण्यातच थांबले. ती छातीभर पाण्यात पुढे गेली, आणि तिथून तिचा आवाज येत राहिला: कुणाची गाठ सैल आहे, कुणाची सून आळशी आहे, कुणाच्या पायाला जळू लागली आहे. रेवतामावशी दिसत नव्हती, पण ती कुठे आहे ते सगळ्या तळ्याला कळत होतं.

मी कॉलेजात होते तेव्हा तळ्याचं खोलीकरण झालं. उन्हाळ्यात जेसीबी आला. मच्छीमार सोसायटीतल्या जुन्या बायकांपैकी एक म्हणून नारळ फोडायचा मान रेवतामावशीला मिळाला, आणि तिने तो सगळ्यांना दिसेल असा, हात उंच करून, जेसीबीच्या दातावर फोडला. गाळ शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरने नेला. शेतकरी खूष, सोसायटी खूष. त्या पावसाळ्यात तळं असं भरलं, की लोक संध्याकाळी पाळीवर, तळ्याच्या बांधावर, मुद्दाम फिरायला येऊ लागले.

पण कड गेली होती. पूर्वी पाणी हळूहळू खोल होत जायचं. आता पाळीवरून पाय घसरला की थेट डोक्यावरून पाणी. देवधान ज्या उथळ गाळात उभं राहायचं तो गाळ ट्रॅक्टरबरोबर शेतात गेला, आणि त्यातलं बीही गेलं. पुढच्या ऋषिपंचमीपर्यंत घरात साठवलेलं जुनं देवधान पुरलं. त्याच्या पुढच्या वर्षी रेवतामावशी आमच्या पायरीवर रिकाम्या हाताने येऊन बसली. ती आल्याचं सांगायला टोपली टेकवल्याचा आवाजही नव्हता. आईने वरी शिजवली.

"नारळ म्याच फोडला ना जी," ती चहा पिता पिता म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेलं, कबुलीच्या सगळ्यांत जवळ जाणारं वाक्य हेच. लगेच पुढे म्हणाली, "नारळच खराब होता."

तिच्या मनात काय आहे ते पुढच्या उन्हाळ्यात गावाला कळलं. तळ्याचा एक कोपरा, सांडव्याकडचा, खडकामुळे जेसीबीला नीट खोदता आला नव्हता. तिथे अजून उथळ पाणी होतं. तिला तिथे पुन्हा देवधान लावायचं होतं. पण त्याच कोपऱ्यावर सोसायटीचा डोळा होता. तिथे शिंगाडा लावायचा आणि कोपरा ठेक्याने द्यायचा, असं जवळजवळ ठरलं होतं. सोसायटीचे अध्यक्ष गोविंदभाऊ म्हणजे तिचा धाकटा दीर. मीटिंग समाजमंदिरासमोर झाली. आई पाहुणी म्हणून गेली होती आणि मी आईच्या मागे बसले होते.

गोविंदभाऊ म्हणाले, "वहिनी, शिंगाडा बाजारात जाते. तुमचा गवत कोन घेईल? सालातून एक दिवस, अन् त्याच्यातबी गावातल्या चार बाया."

"माशाले काय सालातून एकच दिवस पाह्यजे का?" रेवतामावशी उभी राहिली. "मासोळी अंडे कुठे घालते, तुह्या टोपीत? देवधान होता तं त्याच्या दांड्याले चिकटू चिकटू अंडे राहत होते. आता पाह्य, बारका मासा दिसते का तुले?"

"माशाचे बियाणे आपन विकत आनून राह्यलो ना."

"मंग आनत राह्य. अन् शिंगाड्याले काटे असते, ते माह्या पायाले इचार."

लोक हसले. गोविंदभाऊंनाही हसू आलं. शेवटी ठरलं ते असं: यंदाचा पावसाळा कोपरा वहिनीचा. दिवाळीपर्यंत तिथे देवधान उभं दिसलं तर कोपरा राहील. नाही दिसलं तर शिंगाडा. रेवतामावशी मीटिंगमधून अशी निघाली, जणू निवडणूक जिंकूनच निघाली आहे.

बी मात्र तिच्याकडे नव्हतं. सगळं गावाने ऋषिपंचमीला खाऊन टाकलं होतं. पण गाळ जिथे गेला तिथे बी गेलं होतं, हे तिच्या डोक्यात होतं. तो गाळ ज्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, पडला त्यांच्या धानात देवधान उगवायला लागलं होतं, आणि शेतकरी त्याला शिव्या घालत होते. शेतात ते शत्रूच. भातासारखं दिसतं, भाताचं खत खातं आणि कापणीच्या आधी आपला दाणा सांडून मोकळं होतं. म्हणून निंदणाच्या वेळी बायका ते उपटून बांधावर वाळायला टाकतात. रेवतामावशी शाळा सुटल्यावर अशाच एका शेतकऱ्याच्या, वासुदेवभाऊंच्या, बांधीत निंदायला जाऊ लागली. उपटलेलं टाकायची नाही. ओल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायची, डोक्यावर घ्यायची आणि संध्याकाळी कोपऱ्यात नेऊन गाळात रोवायची.

"शेतात असला तं कचरा, तळ्यात असला तं देव," ती म्हणायची. "तोच हाये, जागा बदलली."

त्या वर्षी मी शिक्षण संपवून घरी होते. लॅपटॉप मांडीवर घेऊन ओसरीत काम करायची. ती तळ्यावरून परतताना थांबायची आणि म्हणायची, "डब्ब्यात डोये घालून काय पाहून राह्यली? चाल, तुले खरा पिक्चर दाखवतो." मी कधी कधी जायची. श्रावणात रोपं पिवळी पडली, मग सावरली. म्हशी येऊ नयेत म्हणून तिने बाभळीच्या फांद्या रोवल्या. भाद्रपदात कोपरा हिरवा दिसू लागला. आश्विनात तर असा भरला, की गोविंदभाऊ पाळीवर सायकल थांबवून पाहत उभे राहायचे. रेवतामावशीने गावभर सांगितलं. पवनीच्या बाजारात, जिथे तिला कुणी विचारत नव्हतं, तिथेही सांगितलं.

मग लोंब्या आल्या.

मी त्या दिवशी तिच्याबरोबर होते. पाळीवर वासुदेवभाऊ आधीच उभे होते, कमरेवर हात ठेवून. 

"रेवताबाई," ते म्हणाले, "माहा धान तळ्यात काय करून राह्यला?"

"कोनता तुहा धान?"

"हा. हे पाह्य ना. कुसळ कुठे हाये? बारीक धान हाये हा, म्या बेन्याचा आनला होता. मी म्हनतो, बांधीत मधीमधी जागा खाली काहून दिसते. कार्टून म्हने, उंदराने खाल्ला."

"कोन कार्टून?"

"माहा लहाना भाऊ, दुसरा कोन."

खरंच होतं. लोंब्या सरळ, गुळगुळीत, कुसळाशिवाय. रेवतामावशीने निंदताना गवत ठेवून पीक उपटलं होतं. ज्या बाईने उभ्या जन्मात हे दोन ओळखण्यात चूक केली नव्हती, तिने वासुदेवभाऊंचं धान ओझ्या-ओझ्याने तळ्यात नेऊन देवासारखं वाढवलं होतं. बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. पोरं तिला पाहून "मावशी, आमच्या घरी रोवना लावाले येता का" विचारू लागली. सोसायटीतले लोक म्हणाले, शिंगाड्याचा ठेका आता लिहून टाका.

रेवतामावशी दोन दिवस शाळेतून थेट घरी गेली, आमच्या पायरीवर थांबली नाही. आई घरी येऊन म्हणाली, "त्यांना दिसत नाहीये गं. आज तांदूळ बोटांनी चाचपून निवडत होत्या." मग मलाही एकेक गोष्ट जुळली. रोप ओळखायचं ते बुडाशी असलेल्या लालसर रंगावरून, असं तिनेच मला सांगितलं होतं. आणि गेलं वर्षभर ती चहाचा कप उचलण्याआधी हाताने बशी शोधत होती. मोतीबिंदू. आईने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "डोये चांगले हायेत जी. उजेडच कमी झाला आजकाल."

कार्तिकात एका सकाळी वासुदेवभाऊ विळा घेऊन तळ्यावर गेले. माझा धान मी कापून नेतो, असं ते गंमतीत सगळ्यांना सांगत होते, पण विळा खरा होता. गाव पाहायला जमलं. गोविंदभाऊही होते. रेवतामावशी कुणाला न विचारता पाण्यात उतरली आणि वासुदेवभाऊंच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"कापजो. पन मी सांगीन तसा."

तिने डोळे मिटले. ताटांच्या गर्दीत दोन्ही हात घातले आणि लोंबी लोंबी हातातून सोडत पुढे सरकू लागली. गुळगुळीत आली की बाजूला करायची आणि वासुदेवभाऊ ती कापायचे. मध्येच तिचा हात थांबायचा. "हा नको." त्या लोंबीवर दाणे नव्हते, ते कधीच पाण्यात झडून गेले होते, पण उरल्यासुरल्या टरफलांची कुसळं उन्हात तांबूस दिसत होती. अशी थोडी ताटं निघाली, इकडे एक, तिकडे एक. कापणी झाली तेव्हा कोपरा जवळजवळ रिकामा होता आणि त्यात ही तुरळक देवधानाची ताटं वाकडीतिकडी उभी होती. 

"पाह्य, गोविंदा," ती म्हणाली. "दिवाळीले उभा दिसाले पाह्यजे म्हनलं होतं. किती, ते नव्हतं म्हनलं."

गोविंदभाऊ पाळीवरून म्हणाले, "वहिनी, एक साल अजून देईन. पन डोये दाखवाचे."

"दाखवीन. तू काय माहा डाक्टर हायेस का?"

"नाई. अध्यक्ष हावो."

उन्हाळ्यात वरठीची मुलगी येऊन तिला भंडाऱ्याला घेऊन गेली आणि शस्त्रक्रिया झाली. परतली ती काळा चष्मा लावून. चष्मा उतरवायची गरज संपल्यावरही तिने तो बरेच दिवस उतरवला नाही, कारण तो आपल्याला शोभतो असं तिचं ठाम मत होतं. पावसाळ्यात कोपऱ्यातलं झडलेलं बी आपोआप उगवलं, आणि वासुदेवभाऊंनी आपल्या बांधीतलं देवधान स्वतः उपटून, तपासून, जुडी बांधून पाळीवर ठेवायला सुरुवात केली. "पुन्हा माहा धान नेऊ नको म्हनून," ते म्हणायचे. ती प्रत्येक रोपाचं बूड उजेडाकडे धरून पाहायची. "केवढा लाल हाये वं हा," मला म्हणायची. "म्या तं विसरूनच गेलती."

त्या कार्तिकात मी नागपूरला नोकरीवर जाणार होते. निघायच्या दिवशी सकाळी तळ्यावर गेले. कोपरा पाळीपासून खडकापर्यंत भरलेला होता, आणि या वेळी शंका नव्हती. लांबून पाहिलं तरी लोंब्यांवर कुसळांचा तांबूस धूर पसरल्यासारखा वाटत होता. पण एकही जुडी बांधलेली नव्हती. बायका टोपल्या घेऊन पाळीवर बसल्या होत्या आणि कुरकुरत होत्या. दाणा पिकून गेला तरी रेवता बांधू देत नाही. आम्हाला नाही, स्वतःलाही नाही.

"ऋषिपंचमीले काय देशीन लोकायले?" एकीने ओरडून विचारलं.

"वरी खातीन अजून एक साल. यंदाचा दाना तळ्याचा."

"अन् तू वं?"

"म्याबी."

ती कमरेएवढ्या पाण्यात होती. हातात टोपली नव्हती, फक्त एक बारीक काठी. मला पाहून तिने हात केला नाही, कारण हात मोकळा नव्हता. डाव्या हाताने ती मूठभर ताटं जवळ ओढायची, काठीने हलकेच टकटक करायची, आणि दाणे पाण्यावर पडायचे. कुसळांमुळे ते क्षणभर तरंगायचे, मग एकेक करून बुडायचे. ती ते बुडेपर्यंत पाहत राहायची. मग एक पाऊल पुढे, पुढची मूठ.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती गेल्याचा आईचा फोन आला. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती तिथेच आहे. त्या सकाळी सगळा कोपरा झाडून होईपर्यंत ती पाण्यातून वर येणार नव्हती, आणि माझी बस सुटायची होती. मी पाळीवरून निघाले तेव्हा अर्धा कोपरा व्हायचा होता.